नाणेघाटातली पोढी आणि आमच्या दारातला पेला

६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर देशभरातून माणसे येतात. त्यांच्यासाठी आम्ही वरळीच्या बी.डी.डी. चाळीतली मंडळी बरीच वर्षे पाणपोई चालवीत आलो आहोत. पाण्याचे जार, स्टीलचे पेले आणि वर ताडपत्री, एवढाच आमचा थाट. नागपूरकडची म्हातारी असो, लातूरचा कॉलेजातला मुलगा असो की बंदोबस्तावरचा पोलीस असो, पेला तोच आणि पाणीही तेच. कोणी कोणाला काही विचारीत नाही. रात्री पेले विसळून गोणीत भरले की वर्षाचे एक काम नीट पार पडले असे वाटते.

यंदा पेले विसळतानाच पोरांनी विषय काढला. "काका, आपण सगळे एकदा कुठंतरी जाऊ या. पुढच्या वर्षी कोण कुठं असेल कुणास ठाऊक!"

पोरांचे म्हणणे खोटे नव्हते. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. एकट्या वरळीत १२१ इमारती. एका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. मधून लांबलचक बोळ, मजल्यावर सामायिक संडास आणि पाण्याची वेळ झाली की भांड्यांची रांग. आता पुनर्विकास सुरू आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत आम्हीही आहोत. आमच्या जुन्या मजल्यावरचे काही जण मात्र अजून संक्रमण गाळ्यात आहेत, काही भाडे घेऊन दूर उपनगरात गेले आहेत. ज्यांच्याशी नळावर भांडलो, ज्यांच्या खांद्यावर आमच्या वडिलांची तिरडी गेली, ती माणसे चार दिशांना पांगली आहेत. तेव्हा सहल काढायची ठरली ती सगळ्यांना एकत्र आणण्यासाठी.

कुठे जायचे यावर फार वाद झाला नाही. आमच्या विहारात दर रविवारी मुलांना धम्मलिपीची, म्हणजे ब्राह्मीची, अक्षरे शिकवतात. मुले फळ्यावर लिहितात, पण दगडावरचे अक्षर त्यांनी पाहिले नव्हते. सह्याद्रीत नाणेघाट चढून जुन्नरला जायचे आणि लेणी पाहायची, असे ठरले. वर्गणी काढली. दुसरा शनिवार धरून दोन दिवसांची जुळणी केली. नावे मोजली तर बरोबर तीस भरली.

तीस हा आकडा ऐकून आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी १९३४ सालची एक सहल आठवून दिली. बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना गळ घातली की तुम्ही येत असाल तर आपण सहलीला जाऊ. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असा बेत ठरला. माणसे होती तीसच्या आसपास. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने अंग माखले होते, म्हणून काहींनी दाराजवळच्या हौदावर हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो एका अटीवर. आतल्या पाण्याला हात लावायचा नाही. नजर ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. बॅरिस्टर झालेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस बरोबर होता, तरी डोंगरावरचे पाणी बंदच होते.

ही गोष्ट ऐकताना मुले गप्प झाली. आम्हीही ती डोक्यात घेऊनच निघालो.

पहाटे चार वाजता दोन गाड्या सुटल्या. आमच्याबरोबर जुन्या चाळीतली आमच्या मजल्यावरची मावशी होती. वय ऐंशीच्या पुढे, मूळ गाव साताऱ्याकडचे. नवरा गिरणीत होता. गिरणी संपावरून बंद पडली ती पुन्हा सुरू झालीच नाही, पण तिने भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पोरे शिकवली. तिला सगळे सांगत होते की मावशी, तुमच्याने होणार नाही. ती म्हणाली, "मी डोंगरातच जन्मले बाबांनो. तुम्ही मला गाडीनं वर न्या, पुढचं मी बघते."

तसेच केले. कल्याण, मुरबाड, टोकावडे करीत वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाचा पायथा लागतो. तिथे आम्ही अठरा जण उतरलो. मावशी, लहान मुले आणि गुडघे दुखणारी मंडळी गाडीने पुढे माळशेज घाटाने जुन्नरकडे गेली. तिकडून घाटघर गावावरून नाणेघाटाच्या माथ्याजवळ गाडी पोहोचते. दोन्ही टोळ्यांची भेट माथ्यावर ठरली.

चढ सुरू होतो तो जंगलातून. ऐन, हिरडा, करवंदीच्या जाळ्या, आणि पायाखाली शतकांच्या वहिवाटीने गुळगुळीत झालेले दगड. मुंबईत वाढलेल्या पोरांना डोंगर म्हणजे लोकलच्या खिडकीतून दिसणारी निळी रेघ. इथे ती रेघ जवळ येता येता काळीभोर भिंत होऊन समोर उभी राहिली. एकीने विचारले, "काका, हा दगड एवढा काळा कसा?"

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर थिजत गेला, त्याचा हा काळा पाषाण. डोंगराकडे पाहिले तर थर आजही मोजता येतात. ही रांग तापीच्या दक्षिणेपासून थेट कन्याकुमारीजवळपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर जाते. उष्ण कटिबंधातल्या या डोंगरात झाडे, बेडूक, पाली आणि फुलांच्या अशा जाती आहेत की ज्या जगात दुसरीकडे सापडत नाहीत. म्हणून २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारशात घेतली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत.

अडीच-तीन तासांनी वाट एका अरुंद खिंडीत शिरते. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मध्ये दगडी पायऱ्या. हाच नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असे लोक सांगतात.

खिंडीत डाव्या हाताला एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख कोरला आहे. काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. १८२८ मध्ये कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेणे पाहिले आणि नंतर विद्वानांचे लक्ष तिकडे वळले. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. मुलांनी 'सिमुक' हे नाव अक्षर अक्षर लावून वाचले तेव्हा त्यांना झालेला आनंद आम्ही विसरणार नाही.

आमचा जन्म आकडेमोडीत गेला. ऑफिसात लेजर, घरी वर्गणीची वही. त्यामुळे आमचे लक्ष या लेखातल्या आकड्यांवर खिळले. राणीने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी तिथे आहे. हजारो गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत या लेखातल्या आकड्यांची गणना होते. तेव्हा शून्य वापरून मोठी संख्या मांडायची रीत नव्हती. दहाला वेगळे चिन्ह, वीसला वेगळे, शंभराला, हजाराला वेगळे. अशी चिन्हे शेजारी शेजारी मांडून रक्कम लिहीत. एवढा मोठा जमाखर्च दगडावर पाहून आम्ही त्या अज्ञात कारकुनाला मनातल्या मनात नमस्कार केला.

पण लेखात काय आहे हे मुलांपासून लपवायचे कारण नव्हते. हा लेख यज्ञांचा आहे, धम्माचा नाही. सगळी जुनी अक्षरे आपलीच असे म्हणून चालत नाही. जे कोरले आहे ते वाचावे आणि तसेच सांगावे.

लेण्याच्या आसपास खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यातल्या एका टाक्यावर एक अगदी छोटा लेख अभ्यासकांनी वाचला आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पोढी, एवढाच त्याचा अर्थ. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. अशा दानाला तेव्हाच्या प्राकृतात 'देयधम' म्हणत.

सोपारा म्हणजे आपले नालासोपारा. तिथेच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून काढला आणि तिथेच सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले. आमच्या चाळीतली दोन कुटुंबे सध्या भाड्याने नालासोपाऱ्यातच राहतात. त्यांतला एक मुलगा छाती पुढे काढून म्हणाला, "म्हणजे आमच्या स्टेशनवाल्याचं टाकं!" सगळे खो खो हसले.

हसणे थांबल्यावर आम्ही त्यांना सांगितले की हा गोविंददास कोण, काय करीत होता, ते लेखात नाही. पण सोपाऱ्याचा माणूस घाट चढून आला असेल, ओझ्याच्या बैलांबरोबर तहानेला असेल आणि पुढे कधी हातात चार पैसे आले तेव्हा त्याने डोंगरात पाण्याची सोय केली, एवढे समजायला पंडिताची गरज नाही. शेजारच्या भिंतीवर राणीच्या हजारो गायींचा हिशेब आहे. त्या गायी केव्हाच गेल्या. टाक्यात मात्र पाणी आहे.

त्या टाक्यांची रचनाही पाहण्यासारखी आहे. वर तोंड लहान चौकोनी, आत पोकळी मोठी. पावसाचे पाणी उतारावरून आणि खडकाच्या फटींतून झिरपत आत उतरते. तोंड लहान आणि वर डोंगराची सावली, म्हणून उन्हाने उडून जाणारे पाणी कमी. काळा पाषाण घट्ट, तळातून गळती नाही. पंप नाही, पाईप नाही, वीज नाही.

आम्ही टाक्याशी उभे असतानाच वरून गाडीची मंडळी येऊन मिळाली. मावशी दोघींच्या आधाराने पायऱ्या उतरून आली. ऊन तापले होते. पोरांनी बाटलीला दोरी बांधून पाणी काढले, स्वच्छ फडक्यातून गाळले आणि एकमेकांना देऊ लागली. मावशी मात्र टाक्यापासून चार-पाच हात दूर उभी राहिली. पदर डोक्यावर घेतलेला, ओंजळ पुढे केलेली. ती पुढे येईना.

आम्ही म्हटले, "मावशी, या ना पुढे. बसा कडेला."

ती म्हणाली, "असू दे रे. घाला इथंच."

मग तिचे तिलाच कळले. हात खाली घेतले आणि ती स्वतःशीच हसली, पण डोळ्यांत पाणी आले. "बघ कशी खोड असते," ती म्हणाली. "गावाला विहिरीच्या काठाला आम्हाला जाता येत नसायचं. लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरनं ओतायचं. पाटलाची सून चांगली होती, ती घागर भरून द्यायची. बाकीची बघून न बघितल्यासारखी जायची. आई म्हणायची, हात पुढं कर, पण पाय पुढं टाकू नको. सत्तर वर्षं झाली. टाकं बघितलं आणि पाय आपोआप थांबलं."

ती सांगत होती तो काळ १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला त्याच्या मागचा-पुढचा. कायदा दिल्लीत झाला होता, विहिरीच्या काठापर्यंत यायला त्याला वेळ लागला.

आमच्या पोरांतली सर्वांत धाकटी, चौथीतली, पुढे झाली. तिने मावशीचा हात धरला, तिला टाक्याच्या कडेला आणून बसवले आणि म्हणाली, "आजी, हे सगळ्यांचं आहे. लिहिलंय वर." तसे शब्द लेखात नाहीत हे आम्हांला ठाऊक होते. पण त्या वेळी तिची चूक दुरुस्त करावीशी वाटली नाही. मावशीने वाकून स्वतःच्या हाताने पाणी घेतले, आधी डोळ्यांना लावले आणि मग प्यायली.

घाटघरच्या बाजूला उतरताना दोन बाया डोक्यावर हंडे घेऊन येताना दिसल्या. आमच्यातल्या वहिनींनी त्यांची चौकशी केली. त्यातली एक म्हणाली, "आता बरं हाय ताई. पावसात इथं नुसतं लोटतं. चैत-वैशाखात या, मग बघा. हंडाभर पाण्यासाठी अर्धा दिस जातो."

पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस पडतो. पण उभे उतार आणि घट्ट खडक, त्यामुळे पाणी धावत खाली जाते. साठवायची सोय नसेल तर जिथे ढग फुटतात तिथेच उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

आणि वाचकहो, आपण मुंबईकर यात बाहेरचे नाही. आपल्या नळाला येणारे पाणी बहुतेक सगळे याच डोंगरांच्या पायथ्याचे. तानसाचे धरण १८९२ चे. पुढे मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा आले. एकट्या भातसातून मुंबईचे निम्म्याच्या आसपास पाणी येते. ज्या शहापूर तालुक्यातून त्या मोठमोठ्या जलवाहिन्या येतात, तिथल्याच आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. आम्ही चाळीत पाण्याची वेळ चुकली म्हणून महापालिकेला शिव्या देत आलो. ज्यांच्या डोंगरातून ते पाणी येते त्यांच्या हंड्याचा विचार मात्र कधी केला नाही. ही कबुली आम्ही त्या बायांसमोर दिली नाही, पण इथे देतो.

त्या रात्री जुन्नरला ओळखीच्या एका घरी अंगणात मुक्काम केला. पिठलं-भाकरी, वर कांदा आणि शेकोटी. दुसऱ्या दिवशी पहाटे लेण्याद्री.

जुन्नरच्या भोवती चहूबाजूंच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास खोदकामे आहेत. एवढी लेणी दुसऱ्या कुठल्याही एका गावाभोवती क्वचितच असतील. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री हे त्यांतले मुख्य गट. लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेले की डोंगराच्या पोटात तीसएक लेण्यांची रांग दिसते. सहाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. दोन बाजूंना खांब, शेवटी स्तूप. खांबांच्या माथ्यावर हत्ती, सिंह, बैल कोरले आहेत. दारावर लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे हे दान. हेरणिक म्हणजे सोनार किंवा सराफ. शेजारचे सातवे लेणे मुळात भिक्खूंचा विहार. मध्ये एकही खांब नसलेले मोठे दालन आणि कडेने खोल्या. त्यातच आज अष्टविनायकातला गिरिजात्मज आहे, म्हणून भाविकांची गर्दी असते. आमच्या मुलांनी विचारले तेव्हा आम्ही एवढेच सांगितले की खोल्या मोजा, बाके पाहा, म्हणजे इथे कोण राहत होते ते भिंतीच सांगतील. येणाऱ्या भाविकांशी आपण नम्रतेने वागायचे आणि आपला इतिहास नीट माहीत करून घ्यायचा.

स्तूपासमोर बसून त्रिशरण-पंचशील म्हटले. दगडी कमानीखाली तीस आवाज घुमले तेव्हा मावशीने डोळे मिटून घेतले होते.

मग दानाच्या लेखांची गोष्ट निघाली. जुन्नरच्या लेण्यांत राजाचे लेख फार थोडे. नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याचा एक लेख मानमोडीला आहे. त्यानेही मंडप आणि पोढी दिली. बाकी सगळी साधी माणसे. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ, आजच्या भाषेत युनियन आणि पतपेढी दोन्ही एकत्र. बांबूकाम करणारे, काशाची भांडी करणारे, यांच्याही श्रेणींचे उल्लेख आहेत. दानाची रक्कम त्यांच्याकडे ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून संघाची गरज भागवायची, अशी रीत होती. बी.कॉम.ला आम्ही मुदत ठेव आणि विश्वस्त निधी शिकलो, त्याचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा नमुना. पुढे ज्यांना गावाबाहेर बसवले त्या कष्टकऱ्यांच्या हातात इथे संघाचा पैसा सुरक्षित मानला जात होता, हे मुलांना मुद्दाम सांगितले.

परदेशी माणसेही होती. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने, दोन पोढ्या दिल्या. लेखात शब्द आहेत 'बे पोढियो'. बे म्हणजे दोन. हे सांगताच चौथीतली ती मुलगी ओरडली, "बे एके बे!" आम्ही म्हटले, होय, तोच बे. त्या परक्या माणसाच्या दानातला शब्द आजही आमच्या पाढ्यात आहे.

दुपारी परतीला लागलो. गाडीत पोरांची गाणी चालली होती. मावशी आमच्या शेजारी बसली होती. माळशेज उतरताना तिने हळूच विचारले, "एक विचारू? राग मानू नको. तुझ्या नव्या घराच्या दारामागं तो पिवळा पेला असतो, तो कुणासाठी रे?"

आम्ही गप्प झालो.

नव्या घरात राहायला आल्यापासून आमच्या दारामागे एका खुंटीला प्लॅस्टिकचा एक पिवळा पेला अडकवलेला आहे. कचरा न्यायला येणारा मुलगा कधी पाणी मागतो, त्याला त्या पेल्यात देतात. घरातले पेले वेगळे. कोणी ठेवला, केव्हा ठेवला, आठवत नाही. कोणी विचारले असते तर आम्ही स्वच्छतेचे कारण सांगितले असते. कचऱ्यात हात असतात, लहान मुले घरात आहेत, वगैरे. पण ६ डिसेंबरला हजारो अनोळखी माणसांना एकाच पेल्यातून पाणी देताना आम्हांला ते कारण आठवले नव्हते. तिथे पेला विसळला की भागत होते. घरीही विसळून भागले असते.

मावशीने पुढे काही म्हटले नाही. तिने खिडकीबाहेर पाहिले. आमच्या घरी ती किती वेळा येऊन गेली होती! तो पेला तिला दर वेळी दिसला असणार आणि दर वेळी तिचे पाय दाराशी थोडे थांबले असणार. त्या लांब उभे राहण्याची ओळख जिला सर्वांत जास्त, तिलाच ते आमच्या दारात पाहावे लागले.

घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे अकरा झाले होते. घरात सगळ्यांना बसवून मावशीचा प्रश्न सांगितला. कोणी वाद घातला नाही. पेला खुंटीवरून काढला. सोमवारी कचरा न्यायला मुलगा आला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी त्याला स्टीलच्या पेल्यात पाणी दिले. त्याने तो लांबूनच ओंजळीवर धरायला हात पुढे केले. त्यांनी पेला त्याच्या हातात दिला.

पुढच्या रविवारी इमारतीतल्या रहिवाशांची बैठक होती. तीत आम्ही एक सूचना मांडली. तळमजल्यावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी, पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि चार पेले असावेत. पोस्टमन, सफाई कामगार, वस्तू पोहोचवणारी पोरे, पहारेकरी, घरकामाच्या बाया, जो येईल त्याने प्यावे. खर्च किती, बिल कोण भरणार, बाहेरचे लोक घाण करतील का, असे प्रश्न आले. हे प्रश्न विचारणेही योग्यच. पहिल्या वर्षाचा खर्च सहलीच्या मंडळींनी उचलायचे कबूल केले आहे. ठराव अजून मंजूर झालेला नाही. आम्ही पाठपुरावा करीत आहोत.

वाचक बंधू-भगिनींनो, आपण लेणी पाहायला जातो, फोटो काढतो आणि परत येतो. जरूर जावे. पण जाताना मुलांना आणि घरातल्या वृद्धांना बरोबर न्यावे. मुले अक्षरे वाचतील आणि म्हातारी माणसे आपल्याला आपले घर वाचायला शिकवतील. परत आल्यावर प्रत्येकाने आपल्या दारामागे एकदा पाहावे. तिथे एखादा वेगळा पेला, वेगळी बशी, वेगळा पाट नाही ना? असेल तर तो आजच काढावा. महाडला तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले त्यांच्या घरात तो शोभत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. कल्याणहून माळशेजमार्गे जुन्नर किंवा आळेफाट्याकडे जाणारी एस.टी. मिळते. वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या पायथ्याशी उतरावे. चढायला अडीच ते तीन तास लागतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात वाट निसरडी असते आणि गर्दीही फार. माणशी दोन लिटर पाणी न्यावे. टाक्यातले घ्यायचे झाल्यास गाळून आणि शक्य तर उकळून घ्यावे. टाक्यात उतरू नये, हातपाय धुऊ नयेत, पिशव्या टाकू नयेत. वृद्धांना जुन्नर-घाटघरमार्गे गाडीने माथ्याजवळ नेता येते. लेण्याद्रीला माकडे आहेत, खाऊच्या पिशव्या सांभाळाव्यात. आणि भिंतीवर आपले नाव कोरू नये. ज्याला नाव मागे ठेवायचे असेल त्याने गोविंददासासारखी एखादी पोढी द्यावी.

जयभीम.